स्नायू, पेशी आणि मांसपेशी

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळच्या लाल परेड मैदानावर एक समारंभ झाला. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या तीन विषयांची हिंदी पुस्तके त्या दिवशी केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते प्रकाशित झाली. एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमाचे हिंदी रूप सिद्ध करण्याच्या कामी मध्य प्रदेशातील वैद्यक-अध्यापकांचा मोठा समूह गुंतला होता आणि १९५५ साली स्थापन झालेले भोपाळचे गांधी वैद्यकीय महाविद्यालय हे त्या कामाचे केंद्र होते. वर्तमानपत्रांनी या घटनेची वार्ता दिली आणि अनुकूल-प्रतिकूल मते पुष्कळ व्यक्त झाली. मी आज त्या वादात शिरणार नाही. त्या पुस्तकांतील एकाच प्रकरणापुरते बोलावयाचे मी योजले आहे. ते प्रकरण म्हणजे मानवी शरीराला हालचाल देणाऱ्या मांसल अवयवांचे, ज्यांना आपण मराठी माणसे स्नायू म्हणतो त्यांचे.

‘आपण मराठी माणसे’ असे मी मुद्दाम म्हणालो. कारण भोपाळात हाच शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्याच्या मनात निराळाच अवयव उभा राहील. हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेत ‘स्नायु’ म्हणजे हाडाला हाड बांधणारा बंध, ज्याला आपल्या शाळेतील पुस्तके अस्थिबंध म्हणतात. हिंदीच्या व्यवहारात, आणि बंगालीत तर सर्रास, ‘स्नायु’ म्हणजे मेंदूकडून संदेश नेणारा तंतू, म्हणजे आपला मज्जातंतू. आपल्या स्नायूला हिंदीत म्हणतात पेशी किंवा मांसपेशी. आणि पेशी म्हटले की मराठी विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे येतो तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा सजीवाचा घटक, ज्याला हिंदीत कोशिका असे नाव आहे. शब्द तेच, लिपी तीच, मूळ संस्कृत तेच. फक्त अर्थांनी आपापली घरे बदलली आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशाची नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्य प्रदेशाची भोपाळला आली. तिच्यामागोमाग सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे बिऱ्हाडे पाठीवर घेऊन भोपाळला गेली. समजा, त्यांपैकी एखाद्या गृहस्थाने तेथील वैद्याला सांगितले की, ‘मला स्नायूंचा विकार आहे’. वैद्य त्याच्या नसांची चिकित्सा आरंभील आणि गृहस्थ बिचारा दंड चोळीत बसेल! हे मी थट्टेने म्हटले. परंतु स्नायू दुबळा होणे आणि स्नायूला हुकूम देणारा तंतू दुबळा होणे, ही दोन दुखणी निरनिराळी आहेत, त्यांचे उपचार निराळे आहेत, आणि प्रत्यक्षात ती एकमेकांसारखी दिसत असल्यामुळे निदान करणाऱ्याला आधीच कष्ट पडतात. तेथे शब्दानेही दगा द्यावा, हे बरे नव्हे.

हा गोंधळ कसा झाला? त्यासाठी सुश्रुताकडे जावे लागते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृत शरीर पाहण्याची जी रीत सांगितली आहे, ती आजही वाचताना मन थक्क होते. शव सर्वांगपरिपूर्ण असावे, विषाने किंवा दीर्घ रोगाने मेलेल्याचे नसावे, अतिवृद्धाचे नसावे. आतड्यांतील मळ काढून टाकावा. मुंज, कुश, ताग अशा तृणांनी ते वेष्टावे आणि पिंजऱ्यात घालून, जेथे कोणाची दृष्टी जाणार नाही अशा ठिकाणी, वाहत्या नदीत ठेवावे. सात रात्रींनंतर ते चांगले कुजले म्हणजे बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासावे आणि त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. शस्त्र लावावयाचे नाही. पाण्याने जे सैल केले ते कुंचल्याने दूर करावयाचे. ज्याने हे पाहिले नाही त्याला शल्यकर्माचा अधिकार नाही, असा त्या ग्रंथाचा कटाक्ष आहे.

या रीतीने पाहून सुश्रुताने पेशी पाचशे मोजल्या : हातापायांत चारशे, धडात सहासष्ट, मानेपासून वर चौतीस. स्त्रियांत वीस अधिक. स्नायू मात्र त्याच्या हिशेबी नऊशे आणि ते बांधणारे. फळ्या दोरांनी आवळून बांधल्या म्हणजे नाव पाण्यात माणसांचा भार वाहते, तशी सांधे बांधणाऱ्या स्नायूंमुळे देहाची नौका भार सोसते, अशी त्याची उपमा आहे. म्हणजे सुश्रुताच्या घरी पेशी ही मांसाची आणि स्नायू हा दोराचा. हिंदीच्या परिभाषाकारांनी हीच वाट धरली. मराठीने दोराचे नाव मांसाला दिले आणि मांसाचे नाव त्या सूक्ष्म घटकाला. परिणामी आपण आज ‘स्नायुपेशी’ असा जो शब्द बिनदिक्कत वापरतो, तो सुश्रुताच्या कानी पडता तर त्याला मोठाच अचंबा वाटला असता.

मराठीचा हा दोष मानावा काय? मला तसे वाटत नाही. कुजलेल्या शरीरावरून कुंचला फिरवीत असता लाल मांस कोठे संपले आणि पांढरा दोर कोठे सुरू झाला, याची रेघ काढणे सोपे नाही. कारण निसर्गानेच ती काढलेली नाही. मांसाचा गोळा टोकाकडे निमुळता होत होत कंडरेत मिसळतो आणि कंडरा हाडाच्या आवरणात शिरते. टाचेच्या मागे हात लावून पाहा. तेथे ताठ दोर लागतो. तो धरून वर जा, तो पोटरीच्या मांसात केव्हा विरला ते बोटांना समजत नाही. नावांनी येथे सीमा ओलांडली, ती देहाच्या रचनेला अनुसरूनच.

पोटरी हाच शब्द घ्या. पोटरी म्हणजे पायाचे लहानसे पोट. ग्रीकांनी या भागाला जे नाव दिले, आणि जे आजही जगभराच्या वैद्यकात गॅस्ट्रॉक्नेमियस या रूपाने नांदत आहे, त्याचाही अर्थ पायाचे पोट असाच आहे. दंडाची गोष्ट याहून गमतीची. रोमन माणसाने दंड वाकवून फुगवला तेव्हा कातड्याखाली त्याला उंदीर हलल्यासारखा दिसला. लॅटिन भाषेतील ‘मुस्कुलुस’ म्हणजे छोटा उंदीर, आणि त्यावरूनच इंग्रजी मसल. आमच्या तालमीतल्या पोराने तोच दंड फुगवला तेव्हा त्याला बेडकी दिसली. बेडकुळी काढून दाखव, असे आपण लहान मुलाला अजून म्हणतो. पाहणाऱ्याच्या भोवती जे प्राणी असतील तेच त्याला कातड्याखाली दिसावयाचे!

युरोपातही नावांची शिस्त प्रारंभापासून होती असे समजू नये. १५४३ साली आंद्रेआस वेसालियस याचा मानवी शरीररचनेवरील महाग्रंथ बाझेल येथे छापला गेला. त्यातील सोललेल्या मानवाकृती एकामागून एक पानांवर उभ्या आहेत. प्रत्येक पानागणिक एक थर उतरतो आणि शेवटी मनुष्य भिंतीच्या किंवा दोरीच्या आधारानेच उभा राहू शकतो. वेसालियस तेव्हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा होता. गॅलेनने माकडांच्या शरीरावरून जे लिहिले होते, ते त्याने माणसाच्या शरीरावर ताडून पाहिले आणि अनेक ठिकाणी खोडून काढले. पण इतक्या बारकाईने चितारलेल्या या स्नायूंना त्याने बहुतेक नुसते क्रमांकच दिले. नावे देण्याचे काम इतरांनी केले, आणि ते इतक्या उत्साहाने केले की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीराच्या अवयवांसाठी सुमारे पन्नास हजार नावे प्रचारात होती. १८९५ साली बाझेल येथेच जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी बसून ती पाच-साडेपाच हजारांवर आणली. पाश्चात्त्य परिभाषा ही आकाशातून तयार उतरली, अशी जी समजूत आपल्याकडे दिसते, तिला या इतिहासाचे औषध लागू पडावे.

आपल्या देशातील कथा कलकत्त्यापासून आरंभते. तेथे १८२२ साली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक संस्था निघाली. तिचा प्रमुख पीटर ब्रेटन याने १८२५ साली शरीराच्या अवयवांचा एक कोशच छापला : इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांत. म्हणजे भोपाळच्या पुस्तकांच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी हा प्रयत्न झालेला होता. १८३५ साली ती संस्था मोडली आणि इंग्रजी माध्यमाचे वैद्यकीय महाविद्यालय आले. पुढच्याच वर्षी तेथे पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. हेच पंडित संस्कृतज्ञ वैद्य होते आणि हूपर याच्या शरीरशास्त्रावरील इंग्रजी पुस्तकाचे त्यांनी संस्कृतात भाषांतर केले होते, ही मात्र तितकी परिचित नाही. सुरी धरणारा आणि शब्द शोधणारा हात एकच होता.

मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १८६१ पासून तेथे मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग चालले. १८७८ चे पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल हे त्याच परंपरेतले. शरीरशास्त्र मराठीतून शिकून परीक्षा दिलेले वैद्य महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत वावरले आहेत. आज ही गोष्ट सांगितली तर नव्या डॉक्टरांस ती कल्पित वाटते.

भोपाळची परंपरा निराळी. ते बेगमांचे संस्थान. सुलतान जहाँ बेगमांच्या कारकीर्दीत, म्हणजे १९०१ ते १९२६ या काळात, तेथे युनानी वैद्यकाला दरबारचा आश्रय होता आणि हकिमांचे शिक्षण उर्दूतून होई. त्या परंपरेत स्नायूला ‘अज़ला’ म्हणतात आणि मज्जातंतूला ‘असब’. दोहोंत गल्लत होण्याची सोयच नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर आधुनिक वैद्यकच उर्दूतून शिकवले जात असे. तेव्हा भोपाळ शहराने एका अवयवासाठी अज़ला, मांसपेशी आणि मसल हे तीन शब्द ऐकले आहेत, आणि तेथील मराठी घरांतून चौथा.

आता ज्या वस्तूसाठी एवढे शब्द खर्ची पडले तिच्या आत डोकावू. हाडांना जोडलेले स्नायू सहाशेंहून अधिक आहेत. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे आकडा थोडा पुढेमागे होतो. शरीराच्या वजनाचा पाच हिश्श्यांपैकी सुमारे दोन हिस्से भाग त्यांचा. यांखेरीज हृदयाचा स्नायू निराळ्या जातीचा, तो दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आवळतो. आणि आतडी, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतील तिसऱ्या जातीचा स्नायू आपल्या इच्छेला विचारीत नाही. हाडांवरचा कोणताही स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ते जोडीने असतात. दंडाच्या पुढचा द्विशिरस्क हात वाकवतो, मागचा त्रिशिरस्क तो सरळ करतो. एक आवळला की दुसऱ्याने सैल पडावयाचे. सर्वांत लांब स्नायू कमरेच्या हाडापासून मांडीवरून तिरपा उतरून गुडघ्याच्या आतल्या बाजूस जातो. पाश्चात्त्यांनी त्याला शिंप्याचा स्नायू म्हटले, कारण त्यांच्याकडे पायांची घडी घालून बसणारा शिंपीच काय तो असे. आपल्याकडे पंगतीला बसलेला प्रत्येक जण तो स्नायू वापरतो!

स्नायू म्हणजे काथ्याच्या दोरासारखी रचना. मोठ्या जुडीत लहान जुड्या, लहान जुडीत केसाएवढे किंवा त्याहूनही बारीक तंतू, एका तंतूत शेकडो सूक्ष्मतंतू, आणि प्रत्येक सूक्ष्मतंतू म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या ठेंगण्या खंडांची रांग. एका खंडाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-अडीचपट. त्यात मायोसिन नावाच्या प्रथिनाच्या जाड शलाका आणि ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक शलाका एकमेकींत शिरलेल्या असतात, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशा. स्नायू आखडतो तेव्हा या शलाका आखूड होत असाव्यात, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. मे १९५४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र निबंध आले. एक अँड्र्यू हक्सले व रोल्फ निडेरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले व जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सले एकमेकांचे नातलग नव्हेत. त्यांनी दाखवले की शलाकांची लांबी जशीच्या तशी राहते. त्या एकमेकींवरून सरकतात एवढेच. मायोसिनला बारीक डोकी असतात. तंतूतून संदेश आला की स्नायूत कॅल्शियम सुटते, डोकी ॲक्टिनला धरतात, खेचतात, सोडतात आणि पुढे पुन्हा धरतात. रहाटावर दोर ओढताना माणसाचे हात करतात तेच.

सोडण्याला मात्र इंधन लागते, आणि या इंधनाच्या शोधात एका भारतीयाचा वाटा फार मोठा आहे. आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डला गेले. तेथे सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी १९२७ साली स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ साली ए.टी.पी. हे द्रव्य शोधून काढले. स्नायूच्या शक्तीचे रहस्य लॅक्टिक आम्लात आहे, असे सांगणाऱ्या हिल व मायरहोफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळून गेले होते. सुब्बारावांच्या कामाने त्या उपपत्तीचा पायाच हलला. सुब्बाराव १९४८ साली वारले. त्यांना नोबेल मिळाले नाही, आणि आपल्या शाळकरी मुलांना त्यांचे नाव ठाऊक नसते, ही दुसरी गोष्ट मला अधिक लागते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठते त्याचेही कारण हेच इंधन. ते संपते, मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून बसतात आणि त्यांना सोडवणारे कोणी उरत नाही. सुश्रुताने सात रात्री थांबण्यास सांगितले, तोपर्यंत ही पकड कुजण्याने केव्हाच सुटलेली असे.

पुन्हा शब्दांकडे वळू. स्वातंत्र्याच्या सुमारास परिभाषेची मोठी खटपट झाली ती नागपुरात. डॉ. रघुवीर यांनी लाहोरहून आपली संस्था तेथे आणली आणि संस्कृत धातूंपासून सहस्रावधी शब्द घडवले. त्या वेळचा मध्य प्रदेश द्विभाषी होता. हिंदी आणि मराठी या दोन्ही त्याच्या राजभाषा होत्या, आणि संस्कृतातून घडवलेला एकच शब्द दोघींना पुरावा अशी ती उमेद होती. प्रांतच फुटला. नागपूर मराठीच्या मुलखात आले, भोपाळ हिंदीच्या. १९६१ साली केंद्राच्या शब्दावली आयोगाने हिंदीसाठी आपली वाट चोखाळली आणि मराठीची परिभाषा मुंबई-पुण्याच्या वळणाने चालली. स्नायू आणि पेशी यांची ताटातूट कायम झाली ती येथे. एक मराठी माणूस मात्र या सीमेच्या पलीकडे उभा राहून काम करून गेला. काशी हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. भास्कर गोविंद घाणेकर यांनी सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदीत टीका लिहिली आणि जुन्या संज्ञांची आधुनिक शरीरशास्त्राशी पदोपदी सांगड घातली. आयुर्वेदाचे विद्यार्थी ती अद्याप वाचतात.

भोपाळच्या नव्या पुस्तकांनी या जुन्या भांडणातून अंग काढून घेतले आहे. वाक्यरचना हिंदी, पण संज्ञा बहुतांशी इंग्रजीच, देवनागरीत लिहिलेल्या. शुद्धतेच्या अभिमान्यांनी याला हसून घेतले. मला यात शहाणपण दिसते, कारण विद्यार्थ्याला उद्या जगाच्या ग्रंथांशी गाठ घालावयाची आहे. पण एवढ्याने काम भागले असे मात्र मी म्हणणार नाही. डॉक्टराने वाचावयाचे पुस्तक एक, आणि रुग्णाने बोलावयाची भाषा दुसरी. गांधी महाविद्यालयाला लागूनच हमीदिया रुग्णालय आहे. १९८४ च्या डिसेंबरात दोन आणि तीन तारखांच्या मधल्या रात्री वायूने होरपळलेली हजारो माणसे तेथे लोटली. डोळ्यांची आग, कोंडलेला श्वास, गेलेले बळ, हे ती आपापल्या बोलीत सांगत होती. वाचलेल्यांपैकी अनेकांचा दम पुढे वर्षानुवर्षे लागत राहिला, अंगातले त्राण परत आले नाही. श्वास आत घेण्याचे काम श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू करतात. बळ गेले म्हणजे फुप्फुस थकले, स्नायू थकला की तंतू थकला, हे रुग्णाच्याच तोंडून काढून घ्यावे लागते. ‘बदन टूट रहा है’ हे वाक्य कोणत्याही परिभाषा कोशात नाही.

आपल्या मराठीतही पोटरीत गोळा येतो, मानेत लचक भरते, पाठीत चमक निघते, मांडीची शीर ताणते. शीर म्हणजे वस्तुतः रक्तवाहिनी, आणि ताणलेला असतो स्नायू. नव्या डॉक्टराने हे शब्द रुग्णाकडून ऐकावेत, तपासताना ते आपल्या वहीत जसेच्या तसे टिपावेत आणि त्यांच्यापुढे इंग्रजी संज्ञा लिहावी, असे मला फार वाटते. ब्रेटनने १८२५ साली पाच भाषांत जे आरंभले, त्यात सहावा रकाना रुग्णाच्या बोलीचा आहे आणि तो अद्याप भरावयाचा आहे.